एकोणपन्नास माणसांचा ग्रह

१ जानेवारी २०२५, बुधवार. लासुर्णे

ही डायरी समिनाने दिली. इंदापुरात तिच्या अब्बांचं, फकीरचाचांचं, वह्यापुस्तकांचं दुकान आहे. तिथली सगळ्यांत जाड डायरी उचलून तिने माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "मने, लोकांना जे काय सुनवायचंय ते हिच्यात लिही. उत्तर म्हणून पाठवू नको." कारण काल मी एका खेळाडूला कळवलं होतं की जमत नसेल तर पत्ते खेळा.

तर लिहिते. आमच्या खेळाचं नाव 'दूरवस्ती'. कोड माझं, चित्रं समिनाची. साठ माणसं घेऊन एक यान ओसाड ग्रहावर उतरतं. पाणी शोधायचं, शेतं करायची, घरं बांधायची. माणसं वाढली की त्यांतली वीस नव्या यानात बसवून पुढच्या ग्रहावर पाठवायची. असे बारा ग्रह. खेळ लोकांच्या फोनवर जाऊन आठ दिवस झाले. आतापर्यंत अकरा जणांनी मत लिहिलंय आणि त्यांतल्या नऊ जणांचं म्हणणं एकच: लोकसंख्या वाढत नाही.

वाढते! दर दिवशी शेकड्याला दोन. ते सूत्र मी तीन महिने घासलंय. लोकांना धीर नाही, दुसरं काय.

घरचंही लिहून टाकते. पुण्याची नोकरी सोडून मी आठ डिसेंबरला इथं आले. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, एवढंच विचारलं, "काढलं का सोडली?" मी म्हणाले, सोडली. तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद. सांगायचं ते आईमार्फत. मी समोर ताटावर बसलेली असते आणि ते म्हणतात, "भागे, तिला म्हणावं भाकरी घे." आईचं नाव भागूबाई. तिला भागे म्हणणारे जगात ते एकटेच.

त्यांचंही चुकत नाही म्हणा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, मग शेती आली, आणि ऑफिसात खुर्चीवर बसलेली मी पहिली. तात्यांनी ते अख्ख्या लासुर्ण्याला सांगून ठेवलं होतं. आता तेच लोक विचारतात, पोरगी सुट्टीवर आलीय का?

जुन्या साहेबांनी ३१ जानेवारीपर्यंत जागा राखून ठेवलीय. तोवर खेळ उभा राहिला तर राहिला.


६ जानेवारी, सोमवार

आज नवीन मत आलं. लिहिणाऱ्याचं नाव 'वाटाड्या ६२'. जसंच्या तसं उतरवते:

"पैला ग्रह झ्याक हाय शेतं चांगली काढल्यात. दुसऱ्या ग्रहावर वीस माणसं पाठवली ती वीसच हायत हाड हाड निघ हितनं तीस दिवस झालं येक पोर न्हाय. बनवणाऱ्याला परपंच ठाव न्हाय."

मला हाड म्हणतो! दोनदा! वर 'निघ हितनं'!

मी लगेच समिनाला फोन लावला. वाचून दाखवलं. तिकडून ती जी हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, "त्याला नीट उत्तर दे हं. मनाचा चांगला माणूस आहे."

"तुला काय माहीत?"

"अक्षरावरून कळतं."

"समे, टाइप केलंय त्याने."

"मग टायपिंगवरून."

मी नीटच उत्तर दिलं. 'वाढ ही असलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात होते. धीर धरा. आणि भाषा सांभाळा.' यापेक्षा सौम्य मला होता येत नाही.


९ जानेवारी, गुरुवार

तात्या हल्ली दिवसभर रानातच असतात. ऊस उभा आहे, तोडणी अजून लांब, मग मोटरीपाशी एवढं काय काम असतं कोण जाणे. मी दिलेला जुना फोन घेऊन जातात आणि संध्याकाळी तो मेलेला असतो. आज माझा चार्जर पण नेला. मी आईकडे तक्रार केली तर म्हणाली, "कीर्तन ऐकत असतील," आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. तिला हल्ली सारखा ठसका लागतो. डॉक्टरला दाखवायला पाहिजे.

शिवाय तात्यांनी परवा इंदापूरला जाऊन जवळचा चष्मा करून आणला. जन्मात कधी पेपर वाचला नाही. वय झालं की माणूस काहीही करतो.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तात्यांनी मला तिळगूळ दिला. आईमार्फत नाही, स्वतः, माझ्या हातात. म्हणाले, "गोड बोल." मग दाराशी जाऊन थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "लोकान्ला भाषा सांभाळा आसं म्हणू नये. मानूस दुखावतं."

मी कुठल्या लोकांना म्हणाले? घरात मी कुणाशी बोलतच नाही. बहुतेक समिनाने चाड्या केल्या असतील. पण सदतीस दिवसांनी माझ्याशी थेट बोलले. म्हणून वाक्य लिहून ठेवतेय.


१९ जानेवारी, रविवार. बारामती

मुक्काम समिनाच्या मावशीकडे. पाय दुखतायत, मन त्याहून जास्त.

इथल्या एका कॉलेजात मुलांनी केलेल्या खेळांचं प्रदर्शन होतं. बाहेरच्यांनाही टेबल मिळत होतं, आम्ही घेतलं. समिनाने ग्रहांची मोठी चित्रं लावली, लाल माती, निळी माती, दोन चंद्रांखालचं ज्वारीचं रान. बघायला ही गर्दी! पोरं खेळायला बसायची, पहिला ग्रह हां हां म्हणता भरायचा, टाळ्या पडायच्या, मग वीस माणसं दुसऱ्या ग्रहावर जायची. आणि बसायची. पोरं बघत राहायची. वीस. वीस. वीस. मग एकेक जण उठून शेजारच्या टेबलाकडे जायचा. तिथं नुसतं एक डुक्कर उड्या मारत होतं, तरी रांग.

सातवीतली एक मुलगी मात्र अर्धा तास चिवटपणे बसली. शेवटी तिने मान वर करून अगदी मनापासून विचारलं, "ताई, ह्यांची लग्नं होत न्हाईत का?"

सगळे हसले. मी पण हसले आणि मग पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले.

समिना मागून आली. तिला म्हणाले, माझं सूत्र बरोबर आहे, मी शंभरदा खेळलेय. ती म्हणाली, "तू शंभरदा खेळलीस. पण हे बावीस जण आज खेळले, माझ्यासमोर." आणि मला भेळ आणून दिली. तिने आणखी काही म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते.


२० जानेवारी, सोमवार

घरी. साहेबांना मेल लिहिला. पाठवला नाही.


२२ जानेवारी, बुधवार

वाटाड्याचं पुन्हा आलंय. या वेळी लांबलचक.

"मी सोळा दिवस मोजलं. दुसऱ्या ग्रहावर येक येक मानूस न्हेऊन सोडला छोट्या नावंतनं. चाळीसला पोर न्हाय पंचेचाळीसला न्हाय. सेहेचाळीस सत्तेचाळीस अठ्ठेचाळीस न्हाय. एकोणपन्नासला चार दिवस थांबलो न्हाय. पन्नासावा उतरला आन दुसऱ्या दिशी पोर झालं. मग मुद्दाम येक मानूस परत न्हेला. पाळणा बंद. परत आणला. पाळणा सुरू. एकोणपन्नासला हालत न्हाय पन्नासला हालतो. पन्नास भागे चहा ठेव. खोटं वाटलं तर तुमी मोजा."

ग्रहांमध्ये ये-जा करणाऱ्या आमच्या छोट्या नावेत एका वेळी एकच माणूस बसतो. म्हणजे याने तीस फेऱ्या मारल्या! एवढ्या चिकाटीने माझा खेळ मीसुद्धा खेळलेली नाही. आता याला अडाणी म्हणता येत नाही.

पण ते शेवटचं काय? 'पन्नास भागे चहा ठेव.' 'भागे' म्हणजे भागिले, हे उघड आहे. 'चहा' ही 'सहा'ची चूक असणार. पन्नास भागिले सहा ठेव. सहाच का?


२३ जानेवारी, गुरुवार

सकाळपासून सहाने भागत बसले. पन्नास भागिले सहा, भागाकार आठ, बाकी दोन. दोन! माझ्या सूत्रातले शेकड्याला दोन! मग एकोणपन्नास भागिले सहा केलं, बाकी एक. अठ्ठेचाळीस, बाकी शून्य. दोन पानं भरली, काही जुळेना. आई डोकावून म्हणाली, "ल्हानपणी पाढं म्हणताना आशीच रडायचीस." मी रडत नव्हते.

जेवणानंतर त्याच कागदाकडे बघत होते. बाकी, बाकी, बाकी. आणि एकदम डोक्यात आलं की आपण बाकी कुठं ठेवतो?

लॅपटॉप उघडला. एकोणपन्नास माणसांचे शेकड्याला दोन म्हणजे एकाला जरासं कमी. जरासं कमी बाळ जन्माला येत नाही, तेव्हा आज शून्य धरायचं आणि उरलेलं उद्याच्या हिशेबात मिळवायचं. ती बाकी राखून ठेवणारी ओळ मी लिहिली होती. ऑक्टोबरात काहीतरी दुरुस्त करताना मीच ती काढून टाकली होती. म्हणजे पन्नासाच्या आत माणसं असली की रोज अर्धंमुर्धं बाळ होत होतं आणि रोज मी ते पुसत होते. साठ माणसांना दिवसाला एक पूर्ण मिळतं, म्हणून पहिला ग्रह चालायचा. वीस माणसांचा ग्रह मात्र जन्मभर वीसच.

आणि मी शंभरदा खेळले तेव्हा? वेळ वाचावा म्हणून मी प्रत्येक ग्रहावर पाचशे माणसांनी सुरुवात करायचे. ही गोष्ट मी समिनालाही सांगितलेली नव्हती. आज फोन करून सांगितली. ती एवढंच म्हणाली, "मग आता बाळंतपणं सुरू कर."

वाटाड्याला लिहिलं: 'तुमचं बरोबर होतं, चूक माझी. मी तुम्हाला धीर धरायला सांगितलं त्याबद्दल क्षमा करा. सहाने भागायची तुमची सूचना फार मोलाची ठरली.'

त्याचं उत्तर आलं: "कुठली सहाची?"

किती हा विनय!


२६ जानेवारी, रविवार

दुरुस्ती काल सगळ्यांच्या फोनवर गेली. आज सकाळपासून मतं येतायत. बारामतीच्या एका पोराने लिहिलं, 'माझ्या वीस माणसांची एकवीस झाली, मी घरात ओरडलो, आईने पाठीत धपाटा घातला.' शेळगावच्या बिरूने लिहिलं की तो तिसऱ्या ग्रहावर पोचलाय आणि तिथली निळी माती बघून वेडा झालाय. निळी माती! कित्येक जणांनी ती आजवर पाहिलीच नव्हती. समिनाने ती रंगवायला अकरा दिवस घेतले होते. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "परत वाच."

तात्या झेंडावंदनाहून जिलेबी घेऊन आले. दरवर्षी पाव किलो आणतात, यंदा किलोभर. आईने विचारलं, "येवढी कशापायी?"

"देश वाढतोय," म्हणाले आणि पहिला तुकडा माझ्या ताटलीत टाकून रानात गेले.

आईला पुन्हा ठसका.


३० जानेवारी, गुरुवार

वाटाड्या काही स्वस्थ बसणारा माणूस नाही. आज लिहितो:

"आता पोरं व्हत्यात. पर नुसता आकडा वाढतो. येकवीसचं बावीस. आकड्याला कुणी पेढं वाटतं का. कोण झालं ते सांगा. नाव घाला."

मला आधी रागच आला. चार हजार माणसांच्या ग्रहावर कोण नावं वाचणार? दोन पानं उत्तर लिहिलं, की हा डावपेचांचा खेळ आहे, बारशाचा नाही. मग संक्रांतीचं वाक्य आठवलं आणि पाठवलं नाही. संध्याकाळी गंमत म्हणून करून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ येते, 'आज जन्म: सोपान'. दुसऱ्या दिवशी 'आज जन्म: प्राची'. मी नुसती बघत बसले. सोपानला पाणी पुरेल का म्हणून विहीर खोदली. प्राचीसाठी घर बांधलं. माझाच खेळ, सगळं मला पाठ, तरी दोन तास कुठं गेले कळलं नाही.

त्याला लिहिलं: 'नावं घालते. पण माझ्याकडे वीसच सुचतायत.'

उद्या साहेबांना कळवायचंय.


३१ जानेवारी, शुक्रवार

मेल पाठवला. येत नाही म्हणून.

जेवताना आईला सांगितलं, म्हणजे तात्यांना सांगितलं. तात्या ताटावरून उठले नाहीत. कालवणात भाकरी कुस्करत राहिले. मग म्हणाले, "भागे, तिला म्हणावं, नावं किती लागतील?"

झालं. नोकरी नाही तर लग्न. पत्रिका वाटायची यादी करायला घेतली वाटतं. मी उठून हात धुतला.


४ फेब्रुवारी, मंगळवार

हसून हसून पोट दुखतंय आणि डोळ्यांतून पाणी येतंय. हळूहळू लिहिते.

सकाळी वाटाड्याची यादी आली. दोनशे चौदा नावं. मी एकेक करून खेळात भरायला बसले. सोनबा, दादासो, बिरू, तुकाई, सटवाजी, जरिना, मोईन, मुबशिरा. माणूस बऱ्याच वाटा तुडवलेला दिसतो, असं मनाशी म्हणत होते. एकशे त्रेसष्टावं नाव आलं: बोगदी.

बोगदी नावाची बाई जगात एकच आहे. ती माझी थोरली आत्या. आजोबा मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागले होते, आजीला कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी कळा सुरू झाल्या, तिथंच मुलगी झाली. नाव ठेवलं बोगदी. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी सुनंदा लिहिलं, पण आत्या आजही सुनंदा म्हटलं तर मागे वळून बघत नाही.

मी टाइप करायची थांबले.

मग पहिल्यापासूनची सगळी मतं काढून वाचली. परपंच ठाव न्हाय. हाड हाड, निघ हितनं. आमच्या मोटरीपाशी शेजाऱ्यांचं कुत्रं येऊन बसतं. आणि तात्यांना फोनवर बोटाने लिहिता येत नाही, मीच तर त्यांना बोलून लिहायचं बटण दाखवलं होतं. मग ते आलं. पन्नास. भागे, चहा ठेव.

मी इतकी मोठ्याने हसले की आई चुलीपुढून धावत आली. मी नुसतंच म्हणाले, "भागे, चहा ठेव."

आई भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "कळलं का येकदाचं? मला वाटलं उन्हाळा काढतीस."

समिनाने डिसेंबरातच त्यांच्या फोनवर खेळ घालून दिला होता. त्यांनीच मागितला होता. "पोरगी नोकरी सोडून काय करतीया ते बघू तरी," म्हणाले होते. आईला ठसकाबिसका काही नव्हता.


५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारची भाकरी आज मी घेऊन गेले. तात्या बांधावरच्या लिंबाखाली पाठमोरे बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, फोन तोंडासमोर धरलेला, आणि दवंडी द्यावी तशा आवाजात बोलत होते. मी उसाच्या कडेला थांबले.

"पाच तारे. आता खेळ झ्याक झाला. बनवनारी पोरगी हट्टी हाय. पर तिनं चूक झाली म्हनून लिवून धाडलं. आमच्या घरात आजवर कुनाला ते जमलं न्हाय. मला बी न्हाय." मग हळू आवाजात, "ही पयली."

मला तिथं उभं राहवेना. म्हणाले, "तात्या, पूर्णविराम द्या."

ते इतके दचकले की फोन हातातून उडून पाटात पडला. आम्ही दोघंही पाण्यात. फोन त्यांना सापडला, चष्मा मला. त्यांनी फोन सदऱ्याला खसाखसा पुसला, बटण दाबलं, ग्रह उजळला, तेव्हा कुठं माझ्याकडे बघितलं.

"आईकलं व्हय?"

"ऐकलं."

"मग आता धाडायचं का न्हाय?"

"तात्या, एवढं सगळं मनात होतं तर घरात सरळ मला का नाही सांगितलं? रात्री समोरासमोर जेवतो आपण."

त्यांनी मी वेड्यासारखं काही विचारल्यागत बघितलं. "आबोला व्हता न्हवं."

मी बांधावरच बसले हसायला. तेही हसले. पाटाच्या चिखलाने दोघांचे पाय लडबडलेले, भाकरी तशीच. मग म्हणाले, "आन् ते सहाचं काय व्हतं? मी लई इचार केला. सहा मी कवा म्हनलो?"

सांगितल्यावर त्यांना हसताना खोकला आला, आणि तो खरा होता.

पण भाकरी खाता खाता लगेच कामाला लागले. म्हणे, यानात वीस माणसं घालताना कोण घालायची ते खेळणाऱ्याला ठरवू दे. "निस्ती तरणीताठी न्हेऊन वस्ती व्हती व्हय? येक म्हातारी पायजे, येक आडगा पायजे, येक गानारा पायजे." मी म्हणाले, नाही, खेळ किचकट होईल. ते म्हणाले, तुला वस्ती हलवल्याचा अनुभव न्हाय. मी म्हणाले, तुम्हाला कोड लिहिल्याचा नाही. ते म्हणाले, एकोणपन्नासला कोडच चुकलं व्हतं. घरापर्यंत आम्ही भांडत आलो. आवाज ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या. आई दारात उभी राहून त्यांना सांगत होती, "भांडू द्या, भांडू द्या. लई दिसांनी भांडत्यात."


१६ फेब्रुवारी, रविवार. इंदापूरहून परत

आज फकीरचाचांनी दुपारी दुकान आमच्यासाठी मोकळं केलं. खेळाडूंची भेट ठेवली होती. समिनाचा अंदाज पाच जण, माझा तीन. एकतीस आले. वह्यांच्या गठ्ठ्यांवर, पायऱ्यांवर, बाहेर रस्त्यालगत गाड्यांवर बसले. चाचा सगळ्यांना चहा देत फिरत होते आणि दर माणसाला सांगत होते की चित्रं माझ्या समिनाने काढलीत.

पोरांनी सगळ्यांत आधी विचारलं, वाटाड्या ६२ कोण?

तात्या कोपऱ्यात धुतलेली टोपी घालून बसले होते. मी बोट दाखवलं. एकतीस जणांनी त्यांच्याभोवती कोंडाळं केलं. तुम्ही खरंच तीस फेऱ्या मारल्या? तुम्ही कितव्या ग्रहावर आहात? तात्यांनी चष्मा लावून फोन काढला. नवव्या ग्रहावर होते. नवव्या! कुणीच तिथवर गेलेलं नव्हतं, मीसुद्धा नीट नाही. पोरं माना लांब करून बघत होती आणि तात्या एकेका ग्रहाची माहिती देत होते, हितलं पाणी खारट हाय, हितं आधी झाडं लावा, हितं घाई करू नका. बारामतीहून आलेल्या दोन इंजिनिअर मुलांनी वहीत लिहून घेतलं.

मग सगळ्यांनी मिळून यानात माणसं निवडायचं ठरवलं. मी नको म्हटलं होतं, पण गेल्या आठवड्यात करून टाकलंच. म्हातारी हवी की नको यावर पाऊण तास कडाक्याचं भांडण झालं. तात्या जिंकले. म्हातारी गेली.

परत येताना स्कूटी मी चालवत होते, तात्या मागे. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या, त्यांच्या मागून हळूहळू जावं लागत होतं. ऊन उतरलं होतं. तात्या माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी मेंढरं सोडून शेती धरली तवा माझा बाप माझ्याशी चार वर्सं बोलला न्हाय. म्हाईत हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. हे घरात कुणी कधी सांगितलं नाही.

"चार वर्सं?"

"चार. आन् तवा आमी येकाच तंबाखूच्या पिशवीतनं खायचो." ट्रॉली गेली, रस्ता मोकळा झाला. "मी तुझ्याशी दोन म्हैन्यात बोललो. सुधारना हाय का न्हाय?"

हँडल घट्ट धरलं होतं, मागे वळून बघता येत नव्हतं. मी म्हणाले, "हाय, तात्या."

"मग जरा जोरात चालीव. भागी वाट बघत आसंल."